भाग नवा, भोक जुने



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खते, पाण्याच्या पाळ्या आणि खोडव्याची निगा यांविषयी लिहितो. या खेपेस विषय वेगळा आहे. जुन्या, लहान ट्रॅक्टरचे स्टिअरिंग झिजले म्हणजे त्याचे भाग माप घेऊन लेथवर कसे करून घ्यावेत, आणि कोणते भाग लेथवर मुळीच करू नयेत, हे आज सांगायचे आहे. शेतकी खात्याच्या माणसाने ऊस सोडून लेथवर कशाला जावे, असे कोणी विचारील. त्याला कारणे दोन आहेत. एक सरीचे आहे, ते आधी सांगतो. दुसरे ओघात येईल.

५ फुटांवर सरी सोडली तर एका एकरात सरीची एकूण लांबी ८,७१२ फूट भरते. म्हणजे अडीच किलोमीटरच्या वर. एवढे अंतर ट्रॅक्टरने नाकासमोर चालले पाहिजे. स्टिअरिंगला प्ले असेल तर चालविणारा सारखा डावी-उजवीकडे चाक फिरवीत राहतो, ट्रॅक्टर थोडा उशिराने ऐकतो, आणि सरी सापासारखी जाते. एका टोकाला ५ फूट, दुसऱ्या टोकाला सव्वाचार. लागणीच्या दिवशी ते कोणाच्या ध्यानात येत नाही. बाळबांधणीला औजार आत घातले की येते. रुंद जागी माती पुरत नाही, अरुंद जागी फुटवे तुटतात. आम्ही शिवारात फिरताना वाकडी सरी दिसली की पूर्वी चालविणाऱ्याला बोल लावीत असू. आता आधी ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांकडे पाहतो.

अण्णांचा ट्रॅक्टर

आमच्या गटात एक जुने सभासद आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, आम्हीही येथे तसेच म्हणू. अण्णांकडे एचएमटीचा २५११ ट्रॅक्टर आहे. घड्याळे करणारी जी एचएमटी, तिनेच १९७१ साली हरियाणातील पिंजोर येथे चेकोस्लोव्हाकियाच्या झेटर कंपनीच्या सहकार्याने ट्रॅक्टर करण्यास आरंभ केला. २५ अश्वशक्तीचा, दोन सिलिंडरचा २५११ हा त्या सुरुवातीच्या काळातला. आजच्या मानाने तो लहानच. पण बांधाबांधाच्या शेतीत, जेथे मोठा ट्रॅक्टर वळता वळत नाही, तेथे त्याने पुष्कळ वर्षे इमाने काम केले. २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. कंपनीचा आधार गेला, पण ट्रॅक्टर शेतात राहिले.

अण्णांचा ट्रॅक्टर त्यांच्या वडिलांनी घेतलेला. घरात आता दुसरा मोठा ट्रॅक्टर आहे, तो मुलगा चालवितो. तरी सरी सोडायला, मळ्यातले शेणखत ओढायला आणि फवारणीचा पंप चालवायला हाच जुना बाहेर निघतो. मुलाने दोनदा विकण्याचा विषय काढला. अण्णांचे उत्तर एकच. "माझ्या बापानं घेतल्याली गाडी हाय. म्या हाय तवर न्हाई जायची."

मागच्या हंगामात एका संध्याकाळी मुलगा हा ट्रॅक्टर घेऊन कालव्याच्या रस्त्याने घरी येत होता. मागे रिजर उचललेला, बाकी भार काही नाही. वळणावर स्टिअरिंग फिरविले, आणि उजवे चाक वळले, डावे वळलेच नाही. दोन चाकांची तोंडे दोन दिशांना झाली. वेग बेताचा होता म्हणून ट्रॅक्टर भरावाच्या कडेला असलेल्या दगडाला अडून थांबला. दगडाच्या पलीकडे पाणी होते. टाय रॉडचा बॉल जॉइंट झिजून झिजून खोबणीतून निसटला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही नोंदीच्या कामासाठी त्यांच्या मळ्यात गेलो तेव्हा ट्रॅक्टर गोठ्यापाशी आणून लावलेला होता. अण्णा म्हणाले, "साहेब, वेल्डिंगवाल्याला बोलीवलंय. बॉल पक्का करून घितो. हंगाम तर निघंल."

येथे आमचे दुसरे कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्याच गटातला एक तरुण ट्रॅक्टरवर गेला. रात्रीची वेळ, भरलेली ट्रॉली, उतार, आणि वेल्डिंग करून चालविलेला स्टिअरिंगचा आर्म तुटला. त्याच्या वडिलांचे निधन आधीच झाले होते, शेअर त्याच्या नावावर होता. तो बायकोच्या नावे करण्याचा अर्ज आम्ही त्यांच्या ओट्यावर बसून भरला. अर्जावर नात्याच्या रकान्यात शब्द लिहिताना पेन थांबला, तो प्रसंग आम्ही विसरलेलो नाही. त्या आर्मवरचा वेल्डिंगचा डाग महिनाभर आधी आम्ही डोळ्यांनी पाहिला होता आणि काही बोललो नव्हतो. ते आपले खाते नव्हे, असे आम्हास त्या वेळी वाटले होते.

ही हकीकत आम्ही अण्णांना सांगितली. त्यांना ते घर माहीत होते. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग मुलाला म्हणाले, "वेल्डिंगवाल्याला फोन लाव. येऊ नगं म्हण."

खोलून पाहिल्यावर

पुढचा एक्सल खोलण्याआधी त्याची रचना थोडक्यात ध्यानात घेऊ. आपण स्टिअरिंगचे चाक फिरवितो तेव्हा खालच्या पेटीतले गिअर फिरतात. पेटीबाहेरचा आर्म पुढे-मागे होतो आणि ड्रॅग लिंक नावाचा दांडा ओढतो. तो दांडा चाकाच्या उभ्या पिनेवरचा आर्म फिरवितो. या उभ्या पिनेला आपण किंगपिन म्हणतो. दोन्ही चाके एकाच वेळी वळावीत म्हणून त्यांना जोडणारा टाय रॉड असतो. किंगपिन एक्सलच्या टोकातल्या दोन बुशांत, वरच्या आणि खालच्या, फिरते. याखेरीज एक्सलच्या मध्यभागी एक आडवी पिन असते, तिच्यावर सगळा एक्सल झुलतो, त्यामुळे एक चाक ढेकळावर चढले तरी ट्रॅक्टर कलत नाही.

यातल्या प्रत्येक सांध्याला अर्धा अर्धा मिलिमीटर जरी ढिलाई आली तरी तिची बेरीज होत होत वर स्टिअरिंगच्या चाकावर ती चार-सहा बोटे दिसते. म्हणून प्ले आला की एकाच भागाला दोष देऊन चालत नाही.

तालुक्याच्या गावी एक जुने मिस्त्री आहेत. लेथवर त्यांचे उभे आयुष्य गेले. त्यांना आम्ही मळ्यात घेऊन आलो. एक्सल खोलला तेव्हा डाव्या किंगपिनेच्या बुशाभोवती पत्र्याची पट्टी निघाली. कधी काळी कोणी तरी बुश सैल झाला म्हणून डब्याचा पत्रा कापून आत सारला होता. उजव्या बाजूला बुश जागच्या जागी राहावा म्हणून बाहेरून वेल्डिंगचे तीन टाके मारलेले. मधल्या पिनेला एका अंगाने खाच पडली होती. तिचे ग्रीस निपल मातीने बंद होते, किती वर्षे ते देव जाणे.

मुलगा म्हणाला, "दादा, बुशचा सेट बाजारात मिळतोय की. नवाच टाकू."

सेट मिळत होता, हे खरे. एचएमटीचे काही सुटे भाग अजून दुकानांत येतात. मुलगा जाऊन घेऊनही आला. मिस्त्रींनी तो नवा बुश एक्सलच्या भोकात सोडला, तो हाताने आत गेला आणि हाताने बाहेर आला. बुश असा कधी जात नाही, तो दाबून बसवावा लागतो. मिस्त्री म्हणाले, "साहेब, भाग नवा हाय, पर भोक जुनं हाय."

सगळी गोष्ट या एका वाक्यात आली. कंपनीचा भाग कंपनीच्या मापाच्या भोकासाठी असतो. चाळीस-पन्नास वर्षे चाललेल्या एक्सलचे भोक त्या मापाचे उरलेले नसते. बुश आत फिरत राहिल्याने ते मोठे आणि लंबगोल झालेले असते. त्यात नवा भाग घातला तर महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा पत्रा, पुन्हा वेल्डिंग. अशा वेळी त्या एका ट्रॅक्टरच्या मापाचा भाग करून घेणे हाच उपाय राहतो.

माप आधी, लेथ नंतर

मिस्त्रींनी पहिला सगळा दिवस फक्त माप घेण्यात घालविला. आम्हाला वाटले, हा उगाच वेळ काढतो. नंतर कळले की अर्धे काम तेथेच झाले.

पिनेचे माप एका जागी घेऊन भागत नाही. वर, मध्ये आणि खाली अशा तीन जागी, आणि प्रत्येक जागी आडवे-उभे अशी दोन मापे मायक्रोमीटरने घ्यावीत. पिन गोल दिसते, पण ज्या अंगाने रोजचा दाब येतो त्या अंगाने ती चपटी झालेली असते. पिनेचा जो भाग बुशाच्या बाहेर असतो तो झिजलेला नसतो, तेथे मूळ माप सापडते. भोकाचे मापही असेच दोन्ही तोंडांशी आणि दोन्ही दिशांनी घ्यावे.

मापावरून तीन निर्णय झाले.

पहिला, मधली पिन संपूर्ण नवी करायची. ही सरळ, गोल पिन असते आणि लेथवर चांगली होते. मिस्त्रींकडे जुन्या हाफ शाफ्टचे तुकडे होते, पुष्कळ ठिकाणी त्याच्याच पिना करतात. पण ते पोलाद कोणत्या जातीचे, त्याला आतून तडा आहे की काय, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरातून ईएन २४ जातीच्या पोलादाची सळई बिलासकट आणली. साधी काळी सळई, जिला एम.एस. म्हणतात, ती पिनेला चालत नाही. लेथवर ती लोण्यासारखी कापली जाते म्हणून स्वस्तात काम होते, पण तशीच ती एक्सलमध्येही लवकर झिजते आणि वाकते. पिन कापून झाल्यावर तिला पाणी देऊन, म्हणजे तापवून बुडवून कणखर करून, मग ग्राइंडिंग करून अखेरचे माप आणले.

दुसरा, किंगपिन नवी करायची नाही. बऱ्याच ट्रॅक्टरांत ही पिन आणि चाकाचा आडवा दांडा एकाच अंगाचे, घडीव असतात. ते कापून, जोडून नवे करणे म्हणजे जिवाशी खेळ. अण्णांच्या किंगपिना थोड्याच झिजल्या होत्या. त्या ग्राइंडिंगवर हलकेच गोल करून घेतल्या. हलकेच म्हणण्याचे कारण असे की पिनेचे वरचे टणक कातडे फार खोल नसते. ते उतरवून टाकले तर आतले मऊ पोलाद उघडे पडते. पिन जास्त झिजलेली असेल तर तो भाग बदलावाच लागतो. नवा मिळाला तर ठीक, नाही तर जुन्या एक्सलमधून माप घालून, तडा तपासून निवडलेला.

तिसरा निर्णय, बुश गनमेटलचे आणि दोन्ही बाजूंनी आपल्या मापाचे. आधी एक्सलची टोके बोअरिंग मशीनवर चढवून भोके गोल केली. गोल करताना ती आणखी थोडी मोठी झाली. म्हणून बुशाचे बाहेरचे माप बाजारच्या बुशापेक्षा मोठे ठेवले, आणि पिन थोडी लहान झाल्याने आतले माप लहान ठेवले. असा बुश कोणत्याही दुकानात मिळणार नाही, तो त्याच एक्सलला बसेल. गनमेटल पिनेपेक्षा मऊ असते, आणि ते तसेच हवे. दोघांपैकी एकाने झिजायचे असेल तर ते बुशाने झिजावे. बुश पुन्हा करता येतो, पिन महागात जाते.

आमची चूक

आता आमच्या हातून झालेली चूक सांगतो, म्हणजे ती तुमच्याकडून व्हायची नाही.

मिस्त्रींची रीत अशी की बुशाचे आतले भोक लेथवर थोडे लहान ठेवायचे, बुश एक्सलमध्ये दाबून बसवायचे, आणि मग वरचा व खालचा असे दोन्ही बुश एका लांब रिमरने एका दमात साफ करायचे. तो रिमर त्यांच्याकडे त्या दिवशी नव्हता, कोणी तरी नेला होता. आम्हाला संध्याकाळची बैठक गाठायची होती. आम्ही म्हणालो, "मिस्त्री, लेथवरच पुरते माप काढा, रिमरची वाट कशाला?" ते नको म्हणत होते. पण साहेब म्हणतात म्हणून त्यांनी एका बाजूचे दोन बुश तसे केले.

बुश बसविताना हातोडी वापरली नाही. लांब बोल्ट, दोन जाड वॉशर आणि नट घेऊन, नट आवळीत आवळीत बुश सरळ आत ओढून घेतला. ही युक्ती चांगली आहे, घरीही करता येते. पण बुश बसल्यावर पिन घालू लागलो तर ती वरच्या बुशात जेमतेम गेली आणि खालच्यात शिरेचना. बुश घट्ट भोकात दाबला की चहू बाजूंनी आवळला जाऊन त्याचे आतले भोक थोडे लहान होते. शिवाय दोन्ही बुशांची मध्यरेषा तंतोतंत जुळली नव्हती. आम्ही मायक्रोमीटरने पाहिलेले माप एक्सलबाहेरचे होते.

अण्णांच्या मुलाने हातोडी उचलली. मिस्त्रींनी त्याच्या हातावर हात ठेवला. म्हणाले, "बाळ, ही ठोकून गेली तर ठोकूनच फिरल." बुश पुन्हा काढावे लागले, गनमेटलचे दोन तुकडे वाया गेले आणि दोन दिवस गेले. त्या तुकड्यांचे पैसे आम्ही दिले. दुसऱ्या वेळी सगळे मिस्त्रींच्या रीतीने झाले. लांब रिमर दोन्ही बुशांतून सरळ गेला, मग पिन हाताने, ग्रीस लावून, जड दार मिटावे तशी आत बसली. एवढ्या जाडीच्या पिनेला बुशात मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा जास्त ढिलाई नसावी, आणि अजिबात नसावी असेही नाही, कारण ग्रीसला जागा हवी.

ग्रीसवरून आठवले. बुशाला ग्रीसचे भोक पाडून ते निपलच्या समोर येईल असे बसवावे, आणि आतल्या अंगाला ग्रीस फिरेल अशी उथळ चर काढावी. हे विसरले तर नव्या बुशाचे ग्रीस बाहेरच राहते. बसवून झाल्यावर ग्रीस गन मारून पाहावी. वरून खालून दोन्हीकडे ग्रीस बाहेर आले म्हणजे वाट मोकळी आहे.

काय लेथवर, काय विकत

या कामातून आम्ही जी विभागणी शिकलो ती सभासदांनी कागदावर लिहून गॅरेजात लावावी अशी आहे.

लेथवर करता येतात ते भाग : मधली पिन, सर्व बुश, किंगपिनेखालचे जाडीचे वॉशर, आणि चाकांमधल्या अंतराच्या नळ्या. हे करतानाही पोलाद कोणते आहे ते विचारून घ्यावे.

विकतच घ्यावेत ते भाग : टाय रॉडचे आणि ड्रॅग लिंकचे बॉल जॉइंट. यांचा बॉल आणि खोबण विशेष रीतीने कडक केलेली असते. बॉलभोवती वेल्डिंग भरून तो पुन्हा कातणे, किंवा खोबणीची कड ठोकून आत वळविणे, हे दोन्ही प्रकार चालतात म्हणून चालू द्यायचे नाहीत. अण्णांकडे दोन्ही बाजूंना नवे जॉइंट घेतले. आटे जुळतात ना, आणि जॉइंट दांड्यात पुरेसा आत जातो ना, निदान आट्याच्या जाडीच्या दीडपट, हे पाहिले.

कधीच वेल्डिंग करू नये ते भाग : स्टिअरिंगचे आर्म, टाय रॉड, चाकाचा दांडा आणि पेटीतला शाफ्ट. घडीव पोलादाला वेल्डिंगची आच लागली की टाक्याच्या कडेची जागा ठिसूळ होते. तडा टाक्यात जात नाही, टाक्याच्या शेजारी जातो. आर्म वाकला असेल तर तापवून सरळ करणेही तितकेच वाईट.

आणि एक. नटाच्या स्प्लिट पिनेच्या जागी खिळा किंवा तार घालू नये. स्प्लिट पिन अगदी स्वस्त असते. ती एकदा काढली की पुन्हा न वापरता नवी घालावी.

चाकांचे तोंड

जोडणी झाल्यावर चाकांची दिशा लावावी लागते. पुढच्या बाजूने दोन चाकांमधले अंतर मागच्या बाजूपेक्षा थोडे कमी असावे लागते, सर्वसाधारणपणे ३ ते ६ मिलिमीटर. आपल्या ट्रॅक्टरचे पुस्तक असेल तर त्यातले माप प्रमाण मानावे. मोजण्याची रीत सोपी आहे. सपाट जागी ट्रॅक्टर सरळ उभा करावा. दोन्ही टायरांवर पुढच्या अंगाला, धुऱ्याच्या उंचीवर, खडूने खुणा करून अंतर मोजावे. मग ट्रॅक्टर ढकलून त्या खुणा मागच्या अंगाला, त्याच उंचीवर येतील इतका पुढे घ्यावा आणि पुन्हा मोजावे. टायर थोडा वेडावाकडा असला तरी त्याच खुणेवर मोजल्याने फसगत होत नाही. टाय रॉडला एका टोकाला उजवे आणि दुसऱ्या टोकाला डावे आटे असतील तर नुसता मधला दांडा फिरवून लांबी कमी-जास्त होते. मग लॉकनट घट्ट करण्यास विसरू नये.

स्टिअरिंगच्या पेटीला आम्ही सर्वांत शेवटी हात लावला. पुष्कळ जण प्ले आला की आधी पेटीवरचा स्क्रू आवळतात. त्याने वरचा प्ले लपतो, पण खालचे सांधे तसेच राहतात, आणि पेटीतले दात मधल्या जागी जास्त घासून लवकर जातात. अण्णांच्या ट्रॅक्टरची पेटी उघडून तेल बदलले. स्क्रू अर्धा फेरासुद्धा फिरवावा लागला नाही.

आडसालीच्या सऱ्या

काम जूनमध्ये पुरे झाले. जुलैच्या मध्यास वापसा आल्यावर अण्णांनी आडसाली लागणीसाठी सऱ्या सोडायला काढल्या. मुलगा ट्रॅक्टरवर बसू लागला तर अण्णांनी त्याला उतरविले आणि स्वतः बसले. आम्ही बांधावर उभे होतो. पहिली सरी दोरी लावून काढली, पुढच्या दोरीशिवाय. वय झालेला माणूस, पण स्टिअरिंगवरचा हात जेमतेम हलत होता. चौथ्या सरीला ते बांधापाशी आले, ट्रॅक्टर थांबविला आणि आम्हाला म्हणाले, "साहेब, बापाच्या वक्ताला असाच चालत हुता. मी इसरलो हुतो."

दुपारी आम्ही टेप घेऊन दोन्ही टोकांना आणि मध्ये सऱ्यांतले अंतर मोजले. ५ फुटांत बोटा-दोन बोटांचा फरक आला. त्या सऱ्यांत आज लागण उभी आहे, ती कोणीही जाऊन पाहावी.

एक गोष्ट मात्र आम्ही अण्णांकडून आणि मुलाकडूनही कबूल करून घेतली. हा ट्रॅक्टर शेतातच चालवायचा, उसाची भरलेली ट्रॉली त्याला जोडायची नाही. स्टिअरिंग कितीही चांगले केले तरी मागचा भार पुढची चाके हलकी करतो, आणि हलक्या चाकाला वळण कळत नाही. २५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरने ऊस वाहू नये. मुलाने मान हलविली. अण्णा म्हणाले, "त्याचं काय सांगताय साहेब, आता म्याच देत न्हाई."

हंगामापूर्वी एवढे करा

आता विनंती. बॉयलर पेटण्याआधी प्रत्येक ट्रॅक्टरमालक सभासदाने, जुना असो वा नवा, पुढील तपासणी घरी करावी. दोघे जण असले तर अर्ध्या तासाचे काम आहे.

ट्रॅक्टर सपाट जागी, चाके जमिनीवर ठेवून उभा करा. एकाने स्टिअरिंग हळूहळू डावी-उजवीकडे हलवावे, दुसऱ्याने पुढच्या चाकाकडे पाहावे. चाक हलण्याआधी स्टिअरिंग चार बोटांपेक्षा जास्त फिरत असेल तर पुढची तपासणी करा. हा आमचा साधा ठोकताळा आहे. हलवीत असतानाच प्रत्येक सांध्यावर हात ठेवून पाहा. जो सांधा आधी हलतो आणि पुढचा दांडा मागाहून हलतो, तो झिजलेला.

मग मागच्या चाकांना दगड लावून पुढचा एक्सल जॅकने उचला आणि खाली लाकडी ठोकळे द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका. चाक वरून आणि खालून धरून हलवा. हलत असेल तर कोठे हलते ते पाहा. चाकाचा हब आणि दांडा यांमध्ये फट उघडत असेल तर बेअरिंग, दांडा आणि एक्सल यांमध्ये उघडत असेल तर किंगपिन-बुश. मग चाक पुढून आणि मागून धरून हलवा. तेथे हलले तर टाय रॉडचे जॉइंट पाहा.

शेवटी सगळे आर्म चिंधीने पुसून त्यांवर जुना वेल्डिंगचा डाग आहे का ते पाहा. असल्यास तो ट्रॅक्टर रस्त्यावर काढू नका. आपण दुसऱ्याकडून घेतलेल्या ट्रॅक्टरवर तर हे हटकून पाहावे, कारण तो डाग कोणी कधी मारला हे आपल्याला माहीत नसते.

ज्यांना शंका असेल त्यांनी गट ऑफिसात आमची गाठ घ्यावी. आम्ही काही टर्नर नव्हे, पण पाहायला येऊ. यंदा मळ्यात नोंदीला येऊ तेव्हा उसाबरोबर ट्रॅक्टरची पुढची चाकेही हलवून पाहणार आहोत, त्याचा राग मानू नये. ज्या ओट्यावर बसून आम्ही तो अर्ज भरला, तसा दुसरा अर्ज पुन्हा कोणाच्या ओट्यावर भरण्याची आमची इच्छा नाही.